लोकानुनय की लोकवाद? : 'पॉप्युलिझम'विषयक अभ्यासचर्चेची चिकित्सा

गोषवारा : गेल्या दोन दशकांत राज्यशास्त्राच्या क्षेत्रात 'पॉप्युलिझम' या संकल्पनेवर विपुल लेखन झाले. मराठीत ही संकल्पना प्रामुख्याने 'लोकानुनय' या शब्दाने पोहोचली आणि त्यामुळे चर्चेचा रोख सवलती, कर्जमाफी व अनुदाने यांकडे वळला. प्रस्तुत लेखात या संज्ञेच्या व्याख्याविषयक वादाचा आढावा घेऊन, मराठी संज्ञाव्यवहारामुळे दोन भिन्न राजकीय प्रवृत्तींची सरमिसळ कशी होते, हे महाराष्ट्र व भारतातील उदाहरणांच्या आधारे तपासले आहे. 'जनता' या दाव्याला नकार देणाऱ्या व्यक्तीला वा समूहाला कोणते स्थान उरते, हा या प्रवृत्तींच्या मूल्यमापनाचा अधिक उपयुक्त निकष ठरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : लोकानुनय, लोकवाद, प्रातिनिधित्व, बहुविधता, कल्याणकारी राज्य.

१. प्रस्तावना

कोणतीही सामाजिक शास्त्रीय संकल्पना एका भाषेतून दुसऱ्या भाषेत येताना केवळ शब्द बदलत नाही. तिचा रोखही बदलतो. 'पॉप्युलिझम'च्या बाबतीत हे विशेषत्वाने घडले आहे. मराठी वृत्तपत्रांत, पाठ्यपुस्तकांत आणि परिसंवादांत या संज्ञेसाठी लोकानुनय, लोकानुरंजन, जनानुनय, लोकरंजनवाद असे अनेक पर्याय वापरले जातात. हिंदीत 'लोकलुभावनवाद' हा शब्द रूढ झाला आहे. या सर्व शब्दांत एक समान गृहीतक दडलेले आहे. कोणीतरी नेता वा पक्ष लोकांची मनधरणी करतो, त्यांना खूश करतो, भुलवतो. म्हणजे क्रिया करणारा नेता असतो आणि लोक हे त्या क्रियेचे केवळ ग्राहक असतात.

आंतरराष्ट्रीय अभ्यासचर्चेत मात्र या संज्ञेचा गाभा वेगळा आहे. तेथे प्रश्न देण्याघेण्याचा नसून 'आम्हीच खरी जनता' किंवा 'जनतेचे खरे प्रतिनिधी केवळ आम्हीच' या दाव्याचा आहे. लोक म्हणजे कोण, त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा आणि या व्याख्येत न बसणाऱ्यांचे काय, असे प्रश्न त्यातून निर्माण होतात. ते प्रातिनिधित्वाचे प्रश्न आहेत, अर्थसंकल्पाचे नव्हेत. मराठीत या दोन्ही गोष्टींना एकच शब्द लावल्यामुळे शेतकऱ्याला मिळणारी कर्जमाफी आणि न्यायसंस्थेचे पंख छाटणारी घटनादुरुस्ती एकाच मथळ्याखाली शिकवली जाते. या सरमिसळीची किंमत अध्यापनालाही मोजावी लागते आणि लोकशाहीविषयीच्या सार्वजनिक विवेकालाही.

२. उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) 'पॉप्युलिझम'च्या प्रमुख व्याख्यांचा चिकित्सक आढावा घेणे, (२) आर्थिक व राजकीय अर्थांतील भेद स्पष्ट करणे, (३) महाराष्ट्र व भारतातील निवडक उदाहरणांच्या कसोटीवर या व्याख्यांची मर्यादा तपासणे, (४) मूल्यमापनासाठी पर्यायी निकष सुचविणे. विवेचनाच्या सोयीसाठी यापुढे आर्थिक अर्थाने 'लोकानुनय' आणि राजकीय अर्थाने 'लोकवाद' असे दोन वेगळे शब्द योजले आहेत.

३. संकल्पनेचा पूर्वेतिहास

या संज्ञेची दोन ऐतिहासिक मुळे सर्वसाधारणपणे सांगितली जातात. पहिले मूळ रशियातील 'नारोदनिक' चळवळीत आहे. 1874 च्या उन्हाळ्यात शेकडो सुशिक्षित तरुण 'जनतेकडे चला' या प्रेरणेने खेड्यांत गेले. ही बुद्धिजीवींनी केलेली शेतकऱ्याच्या जीवनाची आदर्श कल्पना होती. ज्या शेतकऱ्यांसाठी ती होती, त्यांतील अनेकांनी या तरुणांकडे संशयानेच पाहिले. दुसरे मूळ अमेरिकेतील 'पीपल्स पार्टी'त सापडते. कापूस व गहू पिकविणारे कर्जबाजारी शेतकरी, रेल्वे कंपन्यांचे चढे वाहतूक दर आणि बँकांची पतधोरणे यांतून उभ्या राहिलेल्या या पक्षाने 1892 मध्ये ओमाहा येथे आपला जाहीरनामा स्वीकारला. त्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्याचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांहून अधिक मते मिळाली.

या पक्षाच्या मागण्यांत चढत्या श्रेणीचा प्राप्तिकर होता, आणि सिनेटरांची थेट जनतेकडून निवड व्हावी हा आग्रहही त्याच्या चळवळीने धरला. पक्ष 1896 नंतर विरून गेला. परंतु प्राप्तिकराचा अधिकार आणि सिनेटची थेट निवडणूक या दोन्ही गोष्टी 1913 मध्ये अमेरिकी राज्यघटनेचा भाग झाल्या. ज्या मागण्यांना एका पिढीने अविवेकी लोकवाद म्हटले, त्याच पुढच्या पिढीला लोकशाहीचे सामान्य नियम वाटू लागल्या.

याच चळवळीच्या मूल्यमापनावरून अमेरिकी इतिहासकारांत झालेला वाद पुढील साऱ्या चर्चेचे बीज मानता येईल. रिचर्ड हॉफस्टॅटर यांनी 1955 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या चळवळीतील भूतकाळाविषयीची ओढ, कटकारस्थानांवरील विश्वास आणि परक्यांविषयीचा आकस यांवर बोट ठेवले. मॅकार्थी यांच्या काळातील झुंडीच्या राजकारणाचा अनुभव या वाचनामागे होता. उलट लॉरेन्स गुडविन यांनी 1976 मध्ये याच चळवळीकडे सहकारी संस्था, व्याख्याने आणि सभा यांतून सामान्य शेतकऱ्याने स्वतःला घडविण्याची लोकशाही प्रक्रिया म्हणून पाहिले. दोघांसमोरची ऐतिहासिक सामग्री बव्हंशी एकच होती. एकाने चळवळीची भाषा वाचली, दुसऱ्याने तिची संघटना. व्याख्येचा वाद हा पुष्कळदा कशाकडे पाहायचे याचा वाद असतो, हे यावरून ध्यानात येते.

1967 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे भरलेल्या परिषदेत या संज्ञेची सर्वमान्य व्याख्या करण्याचा प्रयत्न झाला. गीता आयोनेस्कू व अर्नेस्ट गेलनर यांनी 1969 मध्ये संपादित केलेला ग्रंथ ही त्याची फलश्रुती होय. तथापि रशिया, अमेरिका, लॅटिन अमेरिका व आफ्रिका येथील उदाहरणे एका सूत्रात ओवणे विद्वानांना साधले नाही.

४. आर्थिक व्याख्या आणि तिचे अपयश

मराठीतील 'लोकानुनय' या शब्दाला सर्वांत जवळची व्याख्या अर्थशास्त्रातून आलेली आहे. रुडिगर डॉर्नबुश व सेबास्टियन एडवर्ड्स यांनी 1991 मध्ये संपादित केलेल्या लॅटिन अमेरिकाविषयक ग्रंथात वाढ व उत्पन्नाचे पुनर्वाटप यांवर भर देणारे, परंतु महागाई, तुटीचा अर्थभरणा व परकीय चलनाच्या मर्यादा यांकडे दुर्लक्ष करणारे धोरण असा या संज्ञेचा अर्थ लावण्यात आला. आपल्याकडील अर्थसंकल्पावरील अग्रलेखांत 'लोकानुनयी' हे विशेषण ज्या अर्थाने येते, तो अर्थ नेमका हाच आहे.

या व्याख्येला लॅटिन अमेरिकेनेच लवकर धक्का दिला. पेरूमध्ये 1990 च्या निवडणुकीत अल्बेर्तो फुजिमोरी हे प्रस्थापित पक्षांच्या बाहेरचे उमेदवार म्हणून विजयी झाले. प्रतिस्पर्धी मारिओ वार्गास योसा यांच्या कठोर आर्थिक कार्यक्रमाला त्यांनी प्रचारात विरोध केला होता. सत्तेवर येताच त्यांनी स्वतःच अत्यंत कठोर काटकसरीचा कार्यक्रम राबविला, आणि एप्रिल 1992 मध्ये संसद बरखास्त करून न्यायव्यवस्थेवरही घाला घातला. त्या पावलाला त्यांना मोठा जनाधार मिळाला. खर्चात हात आखडता घेणारा आणि तरीही जनतेच्या नावाने संस्था मोडणारा असा हा नेता आर्थिक व्याख्येत बसत नव्हता. कुर्ट वेलॅंड यांनी 2001 मधील आपल्या लेखात लोकवाद ही आर्थिक धोरणाची नव्हे, तर असंघटित अनुयायांच्या थेट पाठिंब्यावर सत्ता मिळविण्याची राजकीय व्यूहनीती आहे, असे प्रतिपादन केले, त्यामागे असे अनुभव होते.

फुजिमोरींचे उदाहरण दाखविते की देणगीशिवाय लोकवाद संभवतो. याची उलट बाजू, म्हणजे लोकवादाशिवाय मोठा लोकाभिमुख खर्च, महाराष्ट्रात पाहायला मिळते. 1972 च्या दुष्काळात विस्तारलेली रोजगार हमी योजना वि. स. पागे यांच्या पुढाकारातून साकारली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला व 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. तिच्यासाठी शहरी नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. आर्थिक व्याख्येनुसार ही योजना लोकानुनयी ठरावी : ती ग्रामीण गरिबांसाठी होती, तिच्यावर मोठा खर्च होत होता आणि त्याचा भार इतरांवर पडत होता. प्रत्यक्षात मात्र ती विधिमंडळाच्या संमतीने झाली, एखाद्या नेत्याच्या नावावर जमा झाली नाही आणि तिने मजुराला कायद्याने मागता येईल असा हक्क दिला. 2005 मध्ये केंद्राने केलेल्या रोजगार हमी कायद्याला तिचा अनुभव आधारभूत ठरला.

या पार्श्वभूमीवर 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने सुरू केलेल्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेची चर्चा पाहण्याजोगी आहे. 21 ते 65 वयोगटातील पात्र स्त्रियांना दरमहा 1500 रुपये देणारी ही योजना नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी काही महिने जाहीर झाली. तिच्यावरील बहुतेक टीका 'लोकानुनय' या एका शब्दाभोवती फिरली. मात्र त्याच निवडणुकीत विरोधी महाविकास आघाडीनेही स्त्रियांना दरमहा 3000 रुपयांचे आश्वासन दिले होते. दोन्ही बाजू एकाच मतदाराला अधिक देऊ करतात, तेव्हा ती निवडणूक स्पर्धा असते. तीत कोणीही दुसऱ्या बाजूला जनतेबाहेर लोटत नाही. राज्याच्या तिजोरीवर येणाऱ्या बोजाचा प्रश्न गंभीर आहे, पण तो वित्तव्यवस्थेचा प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 2013 मध्ये तमिळनाडूतील मोफत वस्तूंच्या प्रकरणात जाहीरनाम्यातील आश्वासन हे लोकप्रतिनिधित्व कायद्याखालील भ्रष्ट आचार ठरत नाही, असा निर्णय देताना निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे आखण्यास सांगितले होते. 2022 मध्ये 'रेवडी' शब्दावरून देशभर वाद पेटला, तेव्हाही चर्चा खर्चाभोवतीच राहिली.

या योजनेत लोकवादाचा अंश शोधायचा असेल, तर तो रकमेत नव्हे, नावात शोधावा लागेल. 'हमी' हा शब्द कायद्याचा आहे. 'लाडकी' हा शब्द मायेचा आहे. हमी न मिळाल्यास दाद मागता येते. लाडाबद्दल कृतज्ञता व्यक्त करायची असते. हक्कदार नागरिकाचे रूपांतर भावाच्या ओवाळणीची वाट पाहणाऱ्या बहिणीत होते, तेव्हा राज्य आणि नागरिक यांच्यातील नाते बदलते. नरेंद्र सुब्रमण्यन यांनी 1999 मधील द्रविड पक्षांविषयीच्या ग्रंथात 'आग्रही' आणि 'पालकत्ववादी' असे लोकवादाचे दोन प्रकार मानले आहेत. पहिल्यात मध्यम स्तरातील समूह हक्कांसाठी पुढे येतात. दुसऱ्यात गरीब व स्त्रिया एका दयाळू नेत्याच्या छत्राखाली येतात. द्रमुकची घडण पहिल्याकडे झुकणारी आणि एम. जी. रामचंद्रन यांच्या अण्णा द्रमुकची दुसऱ्याकडे झुकणारी, असे त्यांचे निरीक्षण आहे. हा भेद मराठी चर्चेत आणणे उपयुक्त ठरेल. अर्थात त्यालाही एक पुरवणी जोडावी लागते. रामचंद्रन यांच्या शासनाने 1982 मध्ये विस्तारलेली पौष्टिक मध्यान्ह भोजन योजना ही पालकत्वाच्या भाषेत आली, तरी ती टिकली आणि पुढे अन्नहक्काच्या राष्ट्रीय चर्चेला तिने बळ दिले. लाड म्हणून आलेली गोष्ट लोकांनी हक्क म्हणून धरून ठेवली, तर तिचे स्वरूप पालटू शकते.

५. राजकीय व्याख्या : तीन भूमिका

आर्थिक अर्थ बाजूला ठेवल्यानंतर राजकीय व्याख्यांकडे वळता येते. त्यांत तीन भूमिका महत्त्वाच्या आहेत.

पहिली भूमिका कास मुड्ड यांची. 2004 मधील त्यांच्या लेखाने या क्षेत्रातील बहुतांश अनुभवनिष्ठ संशोधनाला दिशा दिली. समाज हा 'शुद्ध जनता' आणि 'भ्रष्ट अभिजन' अशा दोन एकजिनसी व परस्परविरोधी गटांत विभागलेला आहे आणि राजकारण हे जनतेच्या सामान्य इच्छेचे प्रकटीकरण असावे, असे मानणारी विरळ विचारसरणी म्हणजे लोकवाद, असे त्यांचे म्हणणे आहे. 'विरळ' याचा अर्थ असा की ती स्वतंत्रपणे उभी राहत नाही. ती समाजवाद वा राष्ट्रवाद यांसारख्या यजमान विचारसरणीला चिकटते. ही व्याख्या सुटसुटीत आहे, भाषणे व जाहीरनामे यांचे मोजमाप तिने शक्य केले. तथापि ती प्रामुख्याने युरोपीय पक्षव्यवस्थेच्या निरीक्षणातून घडली आहे. जेथे जात, भाषा व प्रदेश यांनी 'अभिजन' हा गटच अनेक तुकड्यांत विभागला आहे, तेथे शुद्ध जनता विरुद्ध भ्रष्ट अभिजन ही द्विभागणी सहज लागू पडत नाही. सत्यशोधक परंपरेतील 'बहुजन' ही कोटी याचे उत्तम उदाहरण आहे. महात्मा फुले यांनी 1883 मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शोषक आणि शोषित अशी स्पष्ट मांडणी आहे. परंतु तेथील शोषित हा 'शुद्ध' असल्याचा दावा नाही. त्याच्या अज्ञानावर, अंधश्रद्धेवर व ऋणकाढू सणसमारंभांवरही ग्रंथकर्त्याने प्रहार केला आहे. जनतेची बाजू घेणे आणि जनतेला निर्दोष ठरविणे या दोन वेगळ्या गोष्टी होत.

दुसरी भूमिका एर्नेस्तो लाक्लाव यांची. 2005 मधील ग्रंथात त्यांनी 'जनता' ही आधीपासून अस्तित्वात नसून ती राजकारणातून घडविली जाते, असे मांडले. अपूर्ण राहिलेल्या अनेक मागण्या एका सत्तेविरुद्ध एकमेकींशी जोडल्या जातात, त्यांची एक समतुल्यतेची साखळी तयार होते आणि एखादी मागणी किंवा नाव साऱ्या साखळीचे प्रतीक बनते. या प्रक्रियेचे वर्णन म्हणून लाक्लाव यांची मांडणी अतिशय प्रभावी आहे. अडचण अशी की त्यांच्या दृष्टीने लोकवाद म्हणजे जवळजवळ राजकारणच. सर्वच राजकारण लोकवादी ठरले, तर मुक्ती देणारा लोकवाद आणि गळचेपी करणारा लोकवाद यांत निवड कोणत्या निकषावर करायची, याचे उत्तर मिळत नाही.

तिसरी भूमिका यान-वेर्नर म्युलर यांची. 2016 मधील ग्रंथात त्यांनी लोकवादाचे व्यवच्छेदक लक्षण अभिजनविरोध हे नसून बहुविधतेचा नकार हे आहे, असे ठामपणे सांगितले. प्रत्येक विरोधी पक्ष सत्ताधाऱ्यांवर टीका करतो. लोकवादी मात्र आपल्याखेरीज कोणीच जनतेचा वैध प्रतिनिधी नाही, असे म्हणतो. हंगेरीत 2002 मधील पराभवानंतर व्हिक्टर ऑर्बान यांनी मातृभूमी विरोधी पक्षात असू शकत नाही, अशा आशयाचे विधान केले होते. 2010 मध्ये दोन तृतीयांश बहुमताने सत्तेवर आल्यावर त्यांच्या पक्षाने 2011 मध्ये नवी राज्यघटना संमत केली व ती 2012 च्या आरंभी अमलात आली. पराभवात उच्चारलेला दावा विजयानंतर संस्थांच्या रचनेत उतरला. म्युलर यांची भूमिका मूल्यनिर्णयास सर्वांत उपयोगी आहे. परंतु ती लोकवाद हा उदारमतवादी लोकशाहीला बाहेरून लागलेला रोग मानते. मार्गारेट कॅनोव्हन यांनी 1999 मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे लोकशाहीला व्यवहारी आणि उद्धारक अशी दोन्ही अंगे असतात व त्यांच्यातील दरीतून लोकवाद पुन्हा पुन्हा वर येतो. पार्थ चॅटर्जी यांनीही 2020 मधील ग्रंथात भारतातील लोकवादाचा संबंध परकीय रोगाशी नव्हे, तर येथील राज्यसंस्था लोकसमूहांशी ज्या पद्धतीने व्यवहार करते तिच्याशी जोडला आहे.

६. भारतीय अनुभवाची कसोटी

या तिन्ही भूमिका भारतीय अनुभवाला लावून पाहता त्यांची बलस्थाने व उणिवा अधिक स्पष्ट होतात.

इंदिरा गांधी यांनी 1969 मध्ये 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण केले आणि 'गरिबी हटाव' या घोषणेवर 1971 ची लोकसभा निवडणूक 352 जागांसह जिंकली. मराठी लेखनात या घोषणेलाच लोकानुनयाचे उदाहरण मानले जाते. वस्तुतः घोषणेत आक्षेपार्ह असे काही नव्हते. दारिद्र्य हटविण्याचे वचन हे कोणत्याही लोकशाही पक्षाने द्यावे असे वचन आहे. लोकवाद शोधायचा तो पुढील घटनाक्रमात : 1973 मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून झालेली सरन्यायाधीशांची नेमणूक, जून 1975 मधील आणीबाणी, पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयीन आव्हानाच्या कक्षेबाहेर नेऊ पाहणारी 39 वी घटनादुरुस्ती आणि 1976 ची 42 वी घटनादुरुस्ती. देवकांत बरुआ यांनी इंदिरा आणि भारत यांचे केलेले समीकरण हे केवळ खुशामतीचे उद्गार नव्हते. जनता, राष्ट्र आणि नेता यांच्यात अंतर उरू नये, ही लोकवादाची मूळ आकांक्षा त्यातून व्यक्त झाली. त्याच वेळी हेही नमूद करावे लागते की 1977 मध्ये निवडणुका घेतल्या गेल्या आणि पराभव स्वीकारला गेला.

परंतु चित्र येथेच संपत नाही. आणीबाणीपूर्वीचे जयप्रकाश नारायण यांचे आंदोलनही जनतेच्याच नावाने उभे होते. 1974 मध्ये बिहारची निवडून आलेली विधानसभा बरखास्त करावी, अशी त्याची मागणी होती. म्युलर यांचा निकष काटेकोरपणे लावल्यास दोन्ही बाजू लोकवादी ठराव्यात. 1977 मध्ये सत्तेवर आलेल्या जनता पक्षाच्या सरकारने 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या अधिकारांना आवर घातला, ही त्याची मोठी कामगिरी होय. मात्र त्याच सरकारने लोकसभेतील पराभवामुळे काँग्रेसने जनतेचा विश्वास गमावला, असे कारण देऊन 1977 मध्ये नऊ राज्यांतील विधानसभा बरखास्त केल्या. 1980 मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर येताच त्याच तर्काने नऊ राज्य सरकारे गेली. 'जनतेचा कौल' हा शब्दप्रयोग दोन्ही वेळा राज्यांतील मतदारांच्या पूर्वीच्या कौलाविरुद्ध वापरला गेला. लोकवाद ही विशिष्ट पक्षाची वा नेत्याची प्रकृती नसून सर्वांनाच उपलब्ध असलेला एक मोह आहे, हे यावरून दिसते.

महाराष्ट्राच्या संदर्भात शेतकरी संघटनेचे उदाहरण अधिक बोलके आहे. 1980 च्या सुमारास चाकणच्या कांदा आंदोलनातून पुढे आलेल्या शरद जोशी यांनी 'भारत विरुद्ध इंडिया' अशी मांडणी केली. कांदा, ऊस, कापूस, तंबाखू, दूध अशा वेगवेगळ्या उत्पादकांच्या तक्रारी 'शेतमालाला रास्त भाव' या एका मागणीत गुंफल्या गेल्या. लाक्लाव यांची समतुल्यतेची साखळी याहून नेमकी क्वचितच सापडेल. मुड्ड यांच्या व्याख्येतील जनता व अभिजन यांचे द्वैतही येथे आहे. तरीही 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही या आंदोलनाची घोषणा होती. सवलत व अनुदानाला नकार देणाऱ्या आणि पुढे खुल्या बाजारपेठेचा पुरस्कार करणाऱ्या या चळवळीला 'लोकानुनयी' म्हणणे हास्यास्पद ठरेल. ती राजकीय अर्थाने मात्र निःसंशय लोकवादी होती. एकाच मराठी शब्दाने ही गाठ सुटत नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

या चळवळीच्या स्वरूपाविषयी अभ्यासकांत तीव्र मतभेद झाले. टॉम ब्रास यांनी 1990 च्या दशकात संपादित केलेल्या लेखसंग्रहात अशा आंदोलनांकडे वर्गभेद झाकणारा कृषक लोकवाद म्हणून पाहण्याची दृष्टी प्रबळ आहे, तर गेल ऑम्वेट यांनी त्यांकडे नव्या सामाजिक चळवळी म्हणून सहानुभूतीने पाहिले. वादाचा खरा मुद्दा 'भारत' या कोटीत शेतमजुराचे स्थान कोणते, हा होता. भाव वाढल्यास मजुरीही वाढेल, असे संघटनेचे उत्तर होते; हितसंबंध वेगळे आहेत, असे टीकाकारांचे म्हणणे होते. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की संघटनेला या प्रश्नाला उत्तर देणे भाग पडले. 1986 च्या चांदवड येथील महिला अधिवेशनाने आणि शेतकरी स्त्रीच्या नावे जमीन करण्याच्या 'लक्ष्मीमुक्ती' अभियानाने 'शेतकरी' या शब्दातून गळालेली स्त्री काही प्रमाणात आत आणली. भूमिहीन मजुराच्या बाबतीत तसे घडले नाही. एकाच चळवळीच्या 'जनते'ची कड एका बाजूने सरकली, दुसऱ्या बाजूने सरकली नाही.

७. पर्यायी निकष : नकार देणाऱ्याचे स्थान

वरील विवेचनातून एक निकष पुढे येतो. लोकवादाची परीक्षा नेता काय देतो यावरून होत नाही, आणि तो कोणत्या शैलीत बोलतो केवळ यावरूनही होत नाही. 'तुम्ही म्हणता ती जनता मी नाही' असे म्हणणाऱ्याला तो दावा कसे वागवतो, यावरून ती व्हावयास हवी.

हा प्रश्न भारतात नवा नाही. 1931 च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत गांधीजी काँग्रेसचे एकमेव प्रतिनिधी म्हणून गेले होते आणि काँग्रेस अस्पृश्यांसह संपूर्ण भारताचे प्रतिनिधित्व करते, असा त्यांचा दावा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तो दावा त्याच सभागृहात अमान्य केला. लोकवादाविषयीच्या पाश्चात्त्य ग्रंथांत हा प्रसंग अभावानेच आढळतो. परंतु 'संपूर्ण जनता' या दाव्याला आतून दिलेल्या आव्हानाचे इतके स्वच्छ उदाहरण दुर्मिळ आहे. त्यानंतर उपोषणाचे दडपण आले, वाटाघाटी झाल्या आणि सप्टेंबर 1932 मध्ये पुणे करार झाला. करार दडपणाखाली झाला, हा आंबेडकरी टीकेचा मुद्दा खोडून काढता येत नाही. तथापि नकार देणाऱ्याशी करार करावा लागला आणि राखीव जागांच्या रूपाने त्याचे वेगळेपण मान्य करावे लागले, हेही तितकेच खरे आहे. आणीबाणीत नकार देणाऱ्याशी करार झाला नाही. त्याची रवानगी तुरुंगात झाली.

25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकर यांनी राजकारणातील भक्ती व विभूतिपूजा यांविषयी दिलेला इशारा या संदर्भात पुन्हा वाचावा असा आहे. तो सहसा व्यक्तिपूजेविरुद्धचा नैतिक उपदेश म्हणून उद्धृत होतो. प्रत्यक्षात तो प्रातिनिधित्वाच्या सिद्धांताशी निगडित आहे. भक्ताला नकार देता येत नाही आणि ज्याला नकार देता येत नाही, तो प्रतिनिधी राहत नाही.

या निकषाच्या आधारे चार अवस्था वेगळ्या करता येतात. ज्या दाव्यात नकार देणाऱ्याला उत्तर द्यावे लागते, तो लोकशाहीला पोषक ठरू शकतो. ज्यात त्याच्याकडे दुर्लक्ष केले जाते, तो अपुरा असतो. ज्यात त्याला कृतज्ञ लाभार्थी बनवून गप्प केले जाते, तो पालकत्ववादी असतो. आणि ज्यात त्याला जनतेचा वा राष्ट्राचा शत्रू ठरवून संस्थांच्या संरक्षणाबाहेर ढकलले जाते, तो लोकशाहीला घातक असतो. एकच चळवळ वा शासन वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या अवस्थांत असू शकते; म्हणून 'अमुक नेता लोकवादी आहे काय' या प्रश्नापेक्षा 'अमुक वेळी अमुक दाव्याने नकाराला कसे वागविले' हा प्रश्न संशोधनास अधिक फलदायी ठरेल. या निकषाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. ज्यांच्यापाशी नकार उच्चारण्याचे साधनच नाही, त्यांचे मौन संमती समजले जाण्याचा धोका त्यात राहतो. भूमिहीन मजुराचे उदाहरण या धोक्याची जाणीव करून देते.

८. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनाचे निष्कर्ष पुढीलप्रमाणे मांडता येतील.

१) 'लोकानुनय' आणि 'लोकवाद' या दोन भिन्न प्रवृत्ती आहेत. पेरूमधील अनुभव देणगीशिवायचा लोकवाद दाखवितो, तर महाराष्ट्राची रोजगार हमी योजना लोकवादाशिवायचे लोकाभिमुख धोरण दाखविते. मराठी अध्यापनात व लेखनात या दोन्हींसाठी स्वतंत्र शब्द वापरणे आवश्यक आहे.

२) या सरमिसळीचा परिणाम एकतर्फी असतो. गरिबाच्या पदरात पडणारी प्रत्येक गोष्ट संशयास्पद ठरते आणि जनतेच्या नावाने होणारा संस्थांचा ऱ्हास मात्र 'कणखर नेतृत्व' या नावाखाली सुटून जातो.

३) मुड्ड, लाक्लाव व म्युलर यांच्या व्याख्या उपयुक्त असल्या, तरी भारतातील जातिव्यवस्था, संघराज्यीय रचना व चळवळींचा इतिहास यांच्या कसोटीवर त्या अपुऱ्या पडतात. आयात व्याख्येत येथील उदाहरणे बसविण्यापेक्षा येथील उदाहरणांनी त्या व्याख्या तपासणे अधिक शास्त्रीय होय.

४) कल्याणकारी योजनांचे मूल्यमापन करताना रकमेइतकेच त्यांच्या कायदेशीर स्वरूपाकडे आणि भाषेकडे लक्ष दिले पाहिजे. लाभार्थीला दाद मागता येते की केवळ आभार मानता येतात, हा त्यातील निर्णायक प्रश्न आहे.

५) 'आम्ही म्हणजेच जनता' या दाव्याला नकार देणाऱ्याचे स्थान हा लोकवादाच्या अभ्यासाचा केंद्रबिंदू मानल्यास पक्षीय आवडीनिवडीपलीकडे जाऊन सर्वच पक्षांच्या व चळवळींच्या वर्तनाची एकाच मापाने तपासणी करता येईल. राज्यशास्त्राच्या वर्गात बसलेले विद्यार्थी वेगवेगळ्या पक्षांचे समर्थक असतात. त्या सर्वांना आपापल्या बाजूलाही लावता येईल असे माप हाती देणे, हे या विषयाच्या अध्यापनाचे किमान कर्तव्य ठरते.